नोंद शाबूत, माणसं पसार

घरगुती स्काइप 5 मे 2025 रोजी कायमचं बंद झालं, तेव्हा फारसं कुणाला सुतक लागलं नाही. अमेरिकेतल्या नातवाचं तोंड दिसावं म्हणून रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपपुढे बसणारे आजोबा केव्हाच व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलवर गेले होते आणि तिथे बनियनवर बसत होते. पण स्काइपचं नाव लावणारं आणखी एक पात्र कचेऱ्यांमध्ये होतं, ‘स्काइप फॉर बिझनेस’. त्याचा घरगुती स्काइपशी रक्ताचा संबंध नाही. 2003 साली ते ‘लाइव्ह कम्युनिकेशन्स सर्व्हर’ म्हणून जन्मलं, 2007 मध्ये ‘ऑफिस कम्युनिकेशन्स सर्व्हर’ झालं, 2010 मध्ये ‘लिंक’ झालं, आणि मायक्रोसॉफ्टने 2011 मध्ये साडेआठ अब्ज डॉलर मोजून स्काइप विकत घेतल्यावर 2015 मध्ये त्याला स्काइपचं नाव मिळालं. इतक्या वेळा नाव बदलणाऱ्याला कुठलीही बँक साधं बचत खातं उघडून देणार नाही. याला मात्र बँकांनी थेट सर्व्हर रूममध्ये जागा दिली. 14 ऑक्टोबर 2025 रोजी त्याच्या 2015 आणि 2019 च्या सर्व्हर आवृत्त्यांचा सपोर्ट संपला. त्याच दिवशी विंडोज 10, ऑफिस 2016 आणि 2019, एक्स्चेंज 2016 आणि 2019 यांचाही संपला. सामुदायिक विवाह आपल्याला माहीत होते, सामुदायिक अंत्ययात्रा ही पहिलीच. ज्यांना स्काइप फॉर बिझनेसला निरोप देववत नव्हता, त्यांच्यासाठी पैसे भरून सहा महिन्यांची मुदतवाढ निघाली. शिवाय जुलै 2025 मध्ये त्याच सर्व्हरची ‘सबस्क्रिप्शन एडिशन’ आली. म्हणजे घरातलं स्काइप गेलं, कचेरीतलं वर्गणी भरून राहिलं. ही वर्गणी कोणाला परवडते आणि का भरावीशी वाटते, या प्रश्नातच या लेखाचा विषय आहे. बोललेला प्रत्येक शब्द आपल्याच इमारतीत, आपल्याच कुलपात ठेवायची ज्यांना सवय किंवा सक्ती आहे, अशा बँका, विमा कंपन्या, इस्पितळं आणि सरकारी खात्यांचा हा मामला आहे.

अशा ठिकाणी सॉफ्टवेअर म्हातारं झालं की आधी समिती बसते. समितीत आयटी असतं, कंप्लायन्स असतं, लीगल असतं, रिस्क असतं, खरेदी विभाग असतो. ज्याला ते सॉफ्टवेअर दिवसभर वापरायचं आहे तो नसतो, कारण तो कामात असतो. मग एक्सेलची शीट उघडते. नोंदी किती वर्षं राहतील? एन्क्रिप्शन कुठलं? सर्व्हर कोणत्या देशात? कोर्टकज्जा चालू असताना पुसाय-खोडायला बंदी घालता येते का? संशोधन विभाग आणि सौदे करणारा विभाग यांच्यामधली भिंत नव्या चॅटमध्ये शाबूत राहते का? प्रत्येक ओळीपुढे हो, नाही किंवा ‘पुढच्या रिलीजमध्ये’ असं लिहिलं जातं. पायलट होतो, यूएटी नावाची चाचणी होते, साइन-ऑफ मिळतात, आणि शेवटी एका शुक्रवारी रात्री कटओव्हर ठरतो. परदेशी बँकांचा हा भार बऱ्याचदा पुण्यात खराडी-मगरपट्ट्याच्या कचेऱ्यांवर येतो. लंडनचा शुक्रवार मावळला की पुण्याचा शनिवार कामाला जुंपला जातो. जुनं बंद झालंय, नवं सुरू व्हायचंय, अशा त्या मधल्या रात्री मायग्रेशनची टीम एकमेकांशी कशावर बोलते? अर्थातच व्हॉट्सअ‍ॅपवर. ग्रुपचं नाव ‘गो-लाइव्ह वीकएंड’, डीपीला रॉकेट. आणि सोमवारी सगळं सुरळीत झालं तरी तो ग्रुप बंद होत नाही. समितीच्या शीटमध्ये नेमकी एका प्रश्नाची ओळ नसते. ‘इथली नोंद राहील का?’ असं शंभर तऱ्हांनी विचारलेलं असतं. ‘इथे कोणी बोलेल का?’ असं एकदाही नाही. माझं म्हणणं एवढंच, की हा दुसरा प्रश्न पहिला असायला हवा. जिथे कोणी बोलतच नाही, तिथली नोंदवही निर्दोष असते. तिच्यात चूक नसते, गुन्हा नसतो आणि धंदाही नसतो.

समितीला हसण्याआधी तिची बाजू मांडायला हवी, कारण तिची भीती पोकळ नाही. अमेरिकेत शेअर दलालांनी धंद्याचा पत्रव्यवहार तीन वर्षं जपायचा, त्यातली पहिली दोन वर्षं तो चटकन हाताशी येईल असा ठेवायचा, असा एसईसी या बाजार नियामकाचा नियम आहे. 1997 मध्ये इलेक्ट्रॉनिक साठवणुकीला परवानगी देताना अट होती की एकदा लिहिलेलं पुन्हा लिहिता येऊ नये आणि पुसताही येऊ नये. कोणी काय बदललं याचा पक्का माग राहत असेल तर तेही चालेल, एवढी सवलत मिळायला 2022 साल उजाडलं. युरोपात आणि ब्रिटनमध्ये सौद्यांशी संबंधित फोन आणि संदेश पाच वर्षं ठेवावे लागतात. आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने 2022 मध्ये सगळ्या संगणक यंत्रणांचे लॉग 180 दिवस ठेवायला आणि सायबर घटना घडली की सहा तासांत कळवायला सांगितलं. तेव्हा जुनं चॅट बदलायचं म्हणजे नवं बसवून भागत नाही. जुन्यातलं सगळं बोलणं उचलून, अर्थासकट, पलीकडे न्यावं लागतं. अर्थासकट म्हणजे काय, ते कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात कळलं. 2021 मध्ये धान्याच्या एका खरेदीदाराने जवसाच्या खरेदीच्या कराराचा फोटो शेतकऱ्याला पाठवून दुजोरा मागितला. शेतकऱ्याने उत्तरादाखल अंगठ्याचा इमोजी पाठवला. माल काही पोचला नाही. ‘करार मिळाला एवढंच मला म्हणायचं होतं,’ असा शेतकऱ्याचा बचाव होता. न्यायालयाने 2023 मध्ये तो अंगठा म्हणजे सही धरली आणि सुमारे 82 हजार कॅनेडियन डॉलर भरायला लावले. 2024 मध्ये अपिलातही अंगठा टिकला. अंगठा म्हणजे सही, हे आपल्या तलाठ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. कॅनडाला खटला चालवावा लागला. आता जुन्या स्काइप फॉर बिझनेसमध्ये कंसात वाय टाइप केला की अंगठा उमटायचा. स्थलांतरात त्या अंगठ्याचा पुन्हा नुसता कंसातला वाय झाला, तर उद्या दोन वकील त्या वायच्या पोटात काय दडलंय यावर तासाच्या दराने भांडू शकतात. समिती या भांडणाला घाबरते आणि तिचं घाबरणं योग्यच आहे.

पण नोंदीची एवढी काळजी घेऊनही काय होतं, याचा दाखला वॉल स्ट्रीटनेच देऊन ठेवला आहे. 2014 मध्ये गोल्डमन सॅक्सच्या पुढाकाराने डझनाहून जास्त बड्या वित्तसंस्था एकत्र आल्या, 6 कोटी 60 लाख डॉलर घातले आणि ‘सिम्फनी’ नावाची स्वतःची चॅट कंपनी उभी केली. दुसऱ्याचं सॉफ्टवेअर म्हातारं होण्याची वाट पाहायला नको, अमुक सोय नाही म्हणून कुरकुरायला नको. सगळं आपल्या मापाने शिवून घेतलेलं. सिम्फनीच्या जाहिरातीत संदेश खात्रीने पुसले जातील अशीही एक हमी होती. ती वाचून न्यूयॉर्कच्या वित्तीय सेवा विभागाचे कान टवकारले. 2015 च्या सप्टेंबरमध्ये गोल्डमन, डॉइशे बँक, क्रेडिट सुईस आणि बीएनवाय मेलन या चार बँकांनी सिम्फनीवरच्या बोलण्याची प्रत सात वर्षं ठेवण्याचं कबूल केलं. कुलूप झालं, किल्ली झाली, किल्लीची दुसरी प्रत त्रयस्थाकडे ठेवायचंही ठरलं. मग डिसेंबर 2021 मध्ये जेपी मॉर्गनच्या दलाली शाखेला कर्मचाऱ्यांच्या खासगी फोनवरच्या धंद्याच्या संदेशांबद्दल दोन नियामकांना मिळून वीस कोटी डॉलर भरावे लागले. नियम पाळले जातात की नाही हे पाहायची जबाबदारी ज्या वरिष्ठांवर होती, तेच खासगी फोनवर बोलत होते, असं एसईसीला आढळलं. सप्टेंबर 2022 मध्ये एसईसीने 16 संस्थांकडून 1.1 अब्ज डॉलर आणि त्याच दिवशी वायदेबाजाराच्या नियामकाने आणखी 71 कोटी डॉलर वसूल केले. त्या वेळच्या दराने हे जवळपास पंधरा हजार कोटी रुपये होतात. त्या यादीत गोल्डमन होतं, डॉइशे होतं, क्रेडिट सुईस होतं. सात वर्षं नोंद ठेवण्याचा शब्द देणाऱ्या चार बँकांपैकी तीन एकाच यादीत सापडल्या. चौथीचा नंबर 2024 मध्ये लागला. दिलेला शब्द त्यांनी मोडला, असं कोणी म्हणालं नाही. सिम्फनीवर जे बोललं गेलं ते जपलंच असणार. दंड झाला तो जे तिथे बोललं गेलं नाही त्याचा.

इथे चाणाक्ष वाचक मला अडवेल. म्हणेल, माणसं व्हॉट्सअ‍ॅपवर गेली ती सोयीसाठी नव्हे, लपण्यासाठी. त्याला सॉफ्टवेअर काय करणार? आक्षेप वजनदार आहे, म्हणून आधी याच्या उलटा पुरावा पाहू. नोव्हेंबर 2014 मध्ये परकीय चलनाचे दर संगनमताने हलवल्याबद्दल ब्रिटन, अमेरिका आणि स्वित्झर्लंडच्या नियामकांनी सहा बँकांना मिळून चार अब्ज डॉलरहून अधिक दंड केला. हे संगनमत चाललं कुठे? बँकांनीच दिलेल्या, नोंद राहणाऱ्या चॅट रूममध्ये. आणि त्या चॅट रूमना ‘द कार्टेल’, ‘द माफिया’ अशी नावं होती. दरोडेखोरांनी बैठकीचं इतिवृत्त लिहून त्यावर ‘दरोड्याचं इतिवृत्त’ असं शीर्षक घालावं आणि प्रत पोलीस चौकीला रवाना करावी, तसला हा कारभार. आपल्या शब्दान्‌शब्दाची नोंद होते हे त्यांना माहीत असायलाच हवं होतं. तरी ते तिथेच बोलले, कारण ती खिडकी दिवसभर डोळ्यांसमोर उघडी होती, ज्याच्याशी बोलायचं तो माणूस पलीकडे हजर होता आणि भाव सेकंदासेकंदाला हलत होता. सोय असेल तर माणूस नोंदवहीत स्वतःचा गुन्हासुद्धा स्वहस्ते लिहितो. पुढे अनेक बँकांनी अशा सामायिक चॅट रूम बंद केल्या, ते समजण्यासारखं आहे. आता उलट बाजू. 2021 नंतरच्या दंडांत आरोप प्रामुख्याने नोंदी न ठेवल्याचा आणि देखरेखीत कसूर केल्याचा होता. प्रत्येक संदेशामागे अफरातफर होती असं काही नाही. ज्याला लपवायचं आहे तो कुठेही लपवेल, त्याला पकडायला वेगळे लोक आहेत. पण ज्याला लपवण्यासारखं काहीच नाही तोही तिकडे गेला, कारण गिऱ्हाईक तिकडे होतं. गिऱ्हाइकाने व्हॉट्सअ‍ॅपवर ‘भाव काय?’ विचारलं, तर त्याला ‘कृपया आमच्या मान्यताप्राप्त माध्यमावर लॉगिन करा, पासवर्डात एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह हवं’ असं कळवणारा सेल्समन बढतीच्या यादीत फारसा दिसत नाही.

पैशांच्या धंद्यात लोभ असतो म्हणून असं होतं, असं कोणी म्हणेल, तर इस्पितळं पाहू. तिथे लोभापेक्षा घाई मोठी. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत 2018 मध्येही फॅक्स मशिन्स हजारोंनी नांदत होती, हे तिथल्या शल्यचिकित्सकांच्या संस्थेने मोजून दाखवलं. मग जानेवारी 2019 पासून नवीन फॅक्स विकत घ्यायला बंदी आली आणि 31 मार्च 2020 पर्यंत जुने हटवायचं ठरलं. त्यापाठोपाठ पेजरचा नंबर लागला. त्या एका सेवेत सुमारे 1 लाख 30 हजार पेजर होते, म्हणजे जगात शिल्लक राहिलेल्या पेजरपैकी दर दहांमागे एकाहून जास्त, आणि त्यांच्यावर वर्षाला 66 लाख पौंड खर्च होत होते. साहेबाने आपल्याला रेल्वे दिली, तार दिली. स्वतःजवळ पेजर ठेवला. मधल्या काळात डॉक्टर थांबले होते का? पेजर वाजतो, पण कशासाठी ते सांगत नाही. मग फोन शोधा, नंबर फिरवा, पलीकडची लाइन एंगेज. त्यापेक्षा खिशातल्या फोनवर रुग्णाचा रिपोर्ट टाकणं सोपं. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये आरोग्यसेवेने तातडीच्या प्रसंगी मेसेजिंग अ‍ॅप कसं वापरावं याची मार्गदर्शिकाच काढली, तीही मुख्यतः जे चाललं आहे ते निदान नीट चालावं म्हणून. तरी स्कॉटलंडमध्ये लॅनार्कशरच्या आरोग्य मंडळातल्या 26 जणांनी 2020 ते 2022 या काळात पाचशेहून जास्त वेळा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रुग्णांची माहिती टाकली, आणि 2023 मध्ये मंडळाला माहिती आयुक्तांची समज ऐकावी लागली. त्या ग्रुपमध्ये चुकून एक बाहेरचा माणूसही घेतला गेला होता. तिथे कुणाला सौद्यात पैसे मिळवायचे नव्हते, बोनस लाटायचा नव्हता. काम लवकर उरकायचं होतं. पाणी उताराकडे जातं तसं बोलणं सोयीकडे जातं. त्याला परिपत्रक वाचता येत नाही.

आता सुरक्षावाल्यांचा आक्षेप. ते म्हणतात, सोयीला पहिलं स्थान दिलंत की भगदाड पडलंच. त्यांच्या हाती 2025 सालाने उत्तम दारूगोळा दिला आहे. मार्चमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांनी येमेनवरच्या हल्ल्याच्या चर्चेसाठी सिग्नल या अ‍ॅपवर ग्रुप केला आणि त्यात चुकून ‘अ‍ॅटलांटिक’ मासिकाच्या संपादकालाच घेतलं. सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरीविरुद्धचा मजकूर सेक्रेटरीलाच जातो, त्यातला हा प्रकार. फक्त इथे विमानं उडाली. काही संदेश ठरावीक काळाने आपोआप नाहीसे व्हावेत अशी योजनाही त्या ग्रुपमध्ये होती, म्हणजे सरकारी दप्तराचा प्रश्न वेगळाच. मग उत्तर म्हणून काय दिसलं? तेच सल्लागार पुढे ‘टेलिमेसेज’ नावाचं अ‍ॅप वापरताना छायाचित्रात सापडले. हे म्हणजे सिग्नलसारखंच दिसणारं, पण प्रत्येक संदेशाची प्रत दप्तरासाठी काढून ठेवणारं अ‍ॅप. सोय सिग्नलची, नोंद नियमाची; ऐकायला माझ्या मुद्द्याचा विजयच. पण मे महिन्यात त्या टेलिमेसेजलाच कुणी तरी फोडलं आणि सेवा थांबवावी लागली. सुरक्षावाले म्हणतील, पाहिलंत? पाहिलं, पण त्यातून निघतो तो धडा वेगळा आहे. नोंद ठेवायला म्हणून जोडलेलं कपाटच कच्चं निघालं. सोय हवी याचा अर्थ सुरक्षा नको असा होत नाही. सुरक्षेचा सगळा खर्च वापरणाऱ्याच्या बोटांवर न टाकता बांधणाऱ्याच्या डोक्यावर टाकावा, असा होतो. तीनदा ओटीपी मागणं ही सुरक्षा असेलही, पण ती स्वस्तातली, कारण तिचा खर्च दुसऱ्याच्या वेळेतून जातो. कपाट पक्कं करणं महाग पडतं आणि ते डेमोमध्ये दिसत नाही. म्हणून समितीपुढे ओटीपी मिरवला जातो.

दुसरा आक्षेप शिस्तवाल्यांचा. सरळ बंदी घाला, फोन बाहेर ठेवा, नियम मोडला की घरी पाठवा. सौदे होतात त्या खोलीपुरती ही मात्रा चालते. म्युच्युअल फंडांच्या डीलिंग रूमवर सेबीची करडी नजर असते आणि तिथल्या बोलण्याच्या नोंदी ठेवल्या जातात. पण 2024 मध्ये फ्रंट-रनिंग, म्हणजे फंडाच्या सौद्याची खबर आधी मिळवून स्वतःचा सौदा उरकणं, रोखण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा बंधनकारक करताना सेबीनेच समोरासमोरच्या बोलण्याला नोंदीतून सूट दिली. चहाच्या टपरीला ऑडिट ट्रेल बसवता येत नाही, हे नियामकालाही कळतं. शिवाय शिस्त ज्या यंत्राने मोजायची त्या यंत्रालाच माणूस कसा शिकवतो, ते पाहायचं तर चॅटमधल्या नावापुढचा तो इवला ठिपका पाहा. स्काइप फॉर बिझनेसमध्ये पाच मिनिटं माउस हलला नाही की हिरवा ठिपका पिवळा व्हायला लागायचा आणि आणखी पाच मिनिटांनी ‘अवे’ अशी जाहीर बदनामी व्हायची. पाच मिनिटं म्हणजे एक फाइल छापील कागदावर नीट वाचायला लागणारा वेळ. म्हणजे जो विचार करत बसला तो गैरहजर आणि जो माउस फिरवत बसला तो हजर. परिणामी जगात माउस आपोआप हलवणारी छोटी यंत्रं विकली जाऊ लागली, आणि 2024 मध्ये वेल्स फार्गोने कीबोर्ड चालू असल्याचा नुसता देखावा केल्याबद्दल डझनाहून जास्त कर्मचारी काढले. बँकेची बाजू चुकीची नव्हती. पण ठिपका हिरवा राहावा यासाठी ज्यांनी एवढी कल्पकता खर्चली, तेच लोक नव्या, बोजड, मान्यताप्राप्त चॅटला वळसा घालायला किती कल्पकता खर्चतील, याचा हिशोब शिस्तवाल्यांनी करावा. नको त्या जागी बोलू नका, एवढंच बंदी सांगते. बोलायचं कुठे, ते सांगायला तिच्याजवळ जागा नसते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत प्रिय आहे: मग बदलताच कशाला? चाललंय ते चालू द्या. याचे खंदे पुरस्कर्ते जपानमध्ये भेटतात. 2021 मध्ये तिथले मंत्री तारो कोनो यांनी सरकारी खात्यांतून फॅक्स हद्दपार करायचा घाट घातला. खात्यांकडून शेकड्यांनी हरकती आल्या, न्यायालयीन कामाची आणि पोलिसांच्या गोपनीयतेची कारणं आली, आणि मंत्र्यांना माघार घ्यावी लागली. फ्लॉपीशी मात्र त्यांनी दोन वर्षं झुंज दिली आणि 2024 मध्ये फ्लॉपी वापरायला सांगणारे 1,034 नियम रद्द झाले. सॉफ्टवेअरचा सपोर्ट कंपनी एका तारखेला संपवते. नियमातल्या फ्लॉपीचा सपोर्ट संपवायला एक हजार चौतीस वेळा खोडावं लागतं. आणि या पक्षात थोडं तथ्य आहे, हे मान्य करू. पेजर मोबाइलचं नेटवर्क गेलं तरी वाजतो, म्हणून ब्रिटनने आणीबाणीसाठी काही ठेवायची मुभा दिलीच. पेजरवर गप्पा मारता येत नाहीत, हाही नियामकाच्या दृष्टीने गुणच. पण जुनं यंत्र चालू आहे आणि जुनं यंत्र ठेवलेलं आहे, यात अंतर असतं. 21 नोव्हेंबर 2018 रोजी जम्मू-काश्मीरमध्ये मेहबूबा मुफ्ती यांनी सरकार स्थापनेचा दावा राजभवनाला फॅक्सने पाठवायचा प्रयत्न केला, फॅक्स लागेना. पत्र ट्विटरवर झळकलं आणि त्याच रात्री विधानसभा बरखास्त झाली. ईदची सुट्टी होती, स्वयंपाकीसुद्धा रजेवर होता, फॅक्स घेणार कोण, असा राज्यपाल सत्यपाल मलिक यांचा खुलासा होता. कोणाची बाजू खरी, तो राजकारणाचा विषय. आपल्यापुरतं एवढंच, की अधिकृत यंत्र अधिकृत जागी अधिकृतपणे ठेवलेलं होतं आणि बोलणं ट्विटरवर झालं. सपोर्ट संपलेल्या चॅट सर्व्हरचंही तसंच होतं. सुरक्षेचे पॅच थांबतात, जाणकार माणसं निवृत्त होतात, आणि एक दिवस सर्व्हर चालू असूनही त्यावर कोणी नसतं. तोवर त्याची वर्गणी मात्र वेळच्या वेळी भरली जात असते.

तेव्हा बदलायचं तर आहेच. फक्त क्रम बदलायचा. पायलट आयटी विभागात करू नये, कारण आयटीवाल्यांना कुठलंही सॉफ्टवेअर वापरता येतं आणि न वापरण्याची कारणंही त्यांनाच लिहिता येतात. ज्या टेबलावर सर्वांत जास्त घाई आहे, तिथे द्यावं: सौदे करणाऱ्यांकडे, अपघात विभागात, विम्याचे दावे निकाली काढणाऱ्यांकडे. गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर असेल तर त्याला आपल्याकडे ओढत बसण्यापेक्षा त्याच्याशी तिथे झालेलं बोलणंच नोंदीत येईल अशी सोय करावी. अशा सोयी बाजारात आहेत, आणि पैसे मोजायचेच तर कपाट पक्कं असलेल्या सोयीसाठी मोजावेत. आणि महिन्याभराने समितीने नवी शीट उघडावी, तिच्यात एकच ओळ असावी: या चॅटवर कोणी कोणाला ‘जेवायला चल’ असं लिहिलं का? हा प्रश्न थिल्लर वाटेल, पण माझ्या मते याहून कडक कसोटी नाही. माणूस सौद्याचं एका ठिकाणी आणि डब्याचं दुसऱ्या ठिकाणी असं फार काळ बोलू शकत नाही. जिथे डबा तिथेच सौदा. ज्या चॅटवर गणपतीची वर्गणी गोळा होत नाही, बॉस रजेवर गेल्याचा आनंद होत नाही, क्रिकेटचा स्कोअर विचारला जात नाही, तिथे धंद्याचंही फारसं कोणी बोलत नसतं; नुसत्या मीटिंगच्या लिंका चिकटवल्या जातात. कंप्लायन्सवाले यावर म्हणतील, मग काय ‘भाजी कुठली आणलीस?’ हेही तीन वर्षं जपून ठेवायचं? हो, ठेवायचं. पहिली दोन वर्षं चटकन हाताशी येईल असं ठेवायचं, अर्थासकट ठेवायचं, आणि उत्तरादाखल आलेला अंगठाही ठेवायचा. साठवणुकीचा खर्च काढून पाहा. वर्षभराची भेंडी-गवार आणि तिच्यावरचे सगळे शेरे मिळून जी रक्कम होईल, ती 2022 च्या त्या एकशेऐंशी कोटी डॉलरच्या दंडापेक्षा नक्की कमी भरेल.